हॉल सार्वजनिक, किल्ली मालगुजाराकडे

चार जण बसलो की आमच्या हॉलचा किस्सा निघतोच. एकाचा संपत नाही तोवर दुसऱ्याला दोन आठवतात. आधी हसू येतं, मग तोंड कडू होतं.

गाव आमचं गोंदियाकडच्या गोरेगावच्या पलीकडचं. मी शाळेत मास्तर, म्हणून हॉलच्या कमिटीचा सेक्रेटरी. प्रेसिडेंट अर्थातच गावाचा जमीनदार, मालगुजार!

*

हॉल बांधला बेगारीवर. जंगलातून सागाची लाकडं ओढून आणली ती मनकू गोंड आणि त्याच्या टोल्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतल्या, माणसांनी. उद्घाटनाला ती सगळी धुतलेली धोतरं नेसून आली. शिपायाने दारातच अडवलं.

"जोडे काढून आत या!"

मनकू म्हणाला, "जोडेच नाहीत जी. काढू काय?"

शिपाई मालगुजाराला विचारून आला. "ज्याइच्या पायात जोडे नाहीत, त्याइनं बाहेरच बसा!"

*

एकदा नागपूरहून वक्ते आले. विषय, स्त्रीशिक्षण. हॉल खचाखच भरला. पण बायकांसाठी पडदा लावायचा राहिला, म्हणून बायकांनाच आत घेतलं नाही!

घरी बायकोने विचारलं, "काय सांगत होते जी?"

"बायकांनी घराबाहेर पडावं, म्हणाले."

"मंग आमी बाहेरच त उभ्या होतो!" असं म्हणून तिने ताट माझ्यापुढे आपटलं.

*

महायुद्धाच्या दिवसांत तांदूळ मिळेना. नेमकं मनकूच्या पोरीचं लग्न, आणि ऐन उन्हाळ्यात पाऊस कोसळला. वऱ्हाड भिजू लागलं, तसा मनकू हॉल मागायला धावला. आत मालगुजाराच्या धानाची पोती छतापर्यंत.

मालगुजार म्हणाला, "धान भिजलं तं गाव काय खाईल?"

त्यातला एक दाणा गावाला दिसला नाही. सगळं गोंदियाच्या बाजारात गेलं.

*

बेचाळीसच्या धरपकडीत पोलिसांनी हॉलचीच कोठडी केली. मनकूचा पोरगा बुधराम झेंडा घेऊन फिरला, म्हणून त्याला स्टेजमागच्या खोलीत डांबलं. तिथंच त्याला ताप भरला. मनकू रोज भाकर घेऊन यायचा, रोज हाकलला जायचा. बुधराम त्याच खोलीत गेला.

सत्तेचाळीसच्या ऑगस्टात मालगुजार खादी घालून झेंडा फडकवायला उभा! भाषणात बुधरामला 'आपल्या गावचा हुतात्मा' म्हणाला आणि मनकूला स्टेजवर बोलावलं. गळ्यात हार घातला.

"बोल मनकू, दोन शब्द बोल!"

मनकू माझ्याकडे वळला. "गुरुजी, पोट्ट्याले कोन्या खोलीत ठेवलं होतं?"

मी बोट दाखवलं. लाडवांच्या टोपल्या तिथंच ठेवल्या होत्या. मनकू आत गेला आणि आतून कडी लावली.

बँड वाजून थांबला. पोरं लाडवांसाठी ओरडू लागली. शेवटी मालगुजाराने दारावर थापा मारल्या.

"मनकू, काऊन बसला आत? दार उघड! सारं गाव ताटकळून राहिलं!"

आतून शांत आवाज आला, "राहू द्या."