बावीस पायऱ्यांखालचा वाचक

आमच्या वाचनालयावर अख्ख्या गावात कुणी जीव ओवाळून टाकला असेल, तर तो एकाच माणसानं. आणि त्यानं ते वाचनालय नऊ वर्षांत एकदाही आतून पाहिलं नव्हतं. हे मी उगाच हवेत बोलत नाही. तिथला ग्रंथपाल मीच होतो. ग्रंथपाल म्हणजे काय, तर संध्याकाळी कुलूप काढायचं, पेपर मांडायचे, समितीतल्या मंडळींच्या गप्पा संपेपर्यंत जांभया द्यायच्या आणि पंखा बंद करून घरी जायचं. पुस्तकं वाचायची सवय मला नव्हती. कुणी टोकलंच तर हलवाई कुठं पेढे खातो, म्हणून हसण्यावारी न्यायचो. जामखेड तालुक्यात, खर्ड्याच्या वाटेवर आमचं गाव. खाली सोसायटीचं खताचं गोदाम, वर वाचनालय आणि मधे बावीस दगडी पायऱ्या. हे गृहस्थ त्या पायऱ्यांच्या खाली असायचे.

पेशा टेलरचा, म्हणून सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे. पोलिओनं लहानपणीच दोन्ही पाय गेलेले, त्यामुळे शिलाई हातमशीनवर. डोकं मात्र असं, की एकदा शिवलेल्या ब्लाउजचं माप पाच वर्षांनीही तोंडपाठ. असल्या माणसाच्या हाती मी एकदा आमच्या पुस्तकांची छापील यादी दिली, ही माझी चूक. लोक कादंबरी वाचतात तशी मास्तरांनी ती यादी वाचली, तीही दोनदा. त्यानंतर दर मंगळवारी पाच वाजता त्यांची हातानं चालवायची तीनचाकी सायकल पायऱ्यांशी यायची, घंटी तीनदा वाजायची आणि खालून खणखणीत आवाजात हुकूम सुटायचा, तीनशे चौदा द्या, नसंल तर सहाशे दोन, ते बी नसंल तर मग तुमच्या मनानं द्या, पन मागल्या बारीसारखं पाककृतीचं देऊ नका. कुठलं पुस्तक कोणत्या कपाटात, कुणाशेजारी उभं आहे, हे मला विचारावं लागे; त्यांना नाही. वरच्या दालनाचा नकाशाच त्यांनी मनात काढला होता. त्या नकाशात लांबलचक टेबल होतं, टेबलाभोवती खुर्च्या होत्या आणि खुर्च्यांवर माना खाली घालून वाचणारी माणसं होती.

पुस्तक परत यायचं ते नटूनथटून. पान सुटलं असलं तर शिवलेलं, पुठ्ठा सैल झाला असला तर कापडी पट्टी लावलेली. दोरा मात्र हाताला लागेल तो. आमची एक गंभीर ऐतिहासिक कादंबरी पोपटी दोऱ्यानं शिवून आली आणि एका संताचं चरित्र राणी कलरमध्ये. समितीच्या अध्यक्षांनी नाक मुरडलं, पण मास्तरांनी शिवलेलं पुस्तक पुन्हा कधी उसवलं नाही, हेही खरं. शिवाय आत एक चिठ्ठी असायची, पुढच्या वाचकासाठी. ‘पान नव्वदवर रडू येईल, येऊ द्यावे.’ ‘खलनायक वाईट नाही, त्याला कुणी नीट विचारलेच नाही.’ खाली नेहमीचा प्रश्न: ‘आपले मत काय?’

आता खरं सांगतो, पुढचा वाचक नव्हताच. गावात वाचनालयाचे सभासद बरेच, पण ते पेपर वाचायचे, कॅरम खेळायचे. यादीतली निम्मी पुस्तकं वाळवीनं खाल्लेली, काही गळक्या छतानं नासलेली, काही समितीच्या लोकांच्या घरी गेली ती तिकडचीच झालेली. मास्तरांनी असला नंबर मागितला की मी वरून सांगायचो, बाहेर गेलंय. पहिल्यांदा बोललो ते कंटाळ्यानं, मग सवयच लागली. मास्तरांना त्याचा कोण आनंद! स्वतःला पुस्तक मिळालं नाही याचं दुःख राहिलं बाजूला, ‘लई वाचतंय आपलं गाव’ म्हणून खुशीत सायकल वळवायचे. एकदा त्यांनी एका कादंबरीत चिठ्ठी ठेवली. कादंबरीतली बाई घर सोडून जाते आणि शेवटी परत येते. मास्तरांनी लिहिलं होतं, ‘या बाईने परत यायला नको होते. आपले मत काय?’ पुढच्या मंगळवारी त्यांनी तीच कादंबरी पुन्हा मागितली, उत्तर आलंय का बघायला. मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, की दयाच आली असेल, मी चिठ्ठीखाली लिहिलं, ‘सहमत.’ आणि पुस्तक खाली नेऊन दिलं. मास्तरांनी तो एक शब्द किती वेळ वाचला! मग चिठ्ठी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच, वर यायचं, त्या टेबलावर बसायचं आणि हा ‘सहमत’ कोण, ते बघायचं.

तुम्ही म्हणाल, चार माणसांनी उचलून न्यायला काय झालं होतं? अध्यक्षही हेच म्हणायचे. गोदामावर हमाल होतेच. पण मास्तर या बाबतीत महाहट्टी. जन्मभर लोक त्यांना उचलतच आले होते. लग्नात, एसटीत, मतदानाला, तहसील कचेरीत. एवढ्या एका ठिकाणी त्यांना आपलं आपण जायचं होतं. एकदा मी फारच गळ घातली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “आमच्या आज्ज्याला देवळाची पायरी चढू देत नव्हते, भाऊ. मला कुनी अडवलेलं न्हाई. मंग मी खांद्यावर बसून कशाला जाऊ?” जयभीम घालून ते निघून गेले आणि मी बावीस पायऱ्या चढलो तसं तेच वाक्य माझ्याबरोबर वर आलं.

मग त्यांनी अर्ज सुरू केले, पायऱ्यांच्या बाजूनं उतार करून द्यावा म्हणून. दर वर्षीच्या सभेत ‘उतार करण्याचे सर्वानुमते ठरले’ असा ठराव मीच लिहायचो आणि तो पुढच्या सभेपर्यंत फाइलीत झोपायचा. शेवटी वाचनालयाची तपासणी लागली, तपासणीत अपंगांच्या सोयीचा एक रकाना निघाला आणि समितीला एकदम मास्तरांचा पुळका आला. गवंडी आला, वाळू आली. बावीस पायऱ्यांना उतार करायचा तर तो पार रस्त्यापलीकडे न्यावा लागेल, हे गवंड्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. समितीनं त्यावर तोडगा काढला: या वर्षी पहिल्या चार पायऱ्या, उरलेल्याचं पुढं बघू. असा तो उतार झाला, गुळगुळीत, कठड्यासकट, आणि थेट पाचव्या पायरीच्या दगडाला जाऊन भिडलेला. त्याचं उद्घाटन झालं. नारळ फुटला. मास्तरांना हार घातला, सायकल उतारावर चढवून फोटो काढला. मग अध्यक्ष म्हणाले, चला, वर चहा आहे, आणि सगळे पाहुणे भराभरा वर गेले. मास्तर हार घालून पाचव्या पायरीकडे तोंड करून बसून राहिले. त्यांचा चहा खाली पाठवला. मी गॅलरीतून बघत होतो. मला लाज वाटली, हे खरं. पण सुटल्यासारखंही वाटलं, हे त्याहून खरं. ते वर आले असते तर माझी नऊ वर्षांची थाप उघडी पडली असती.

पुढच्या मंगळवारी घंटी वाजली नाही. बऱ्याच वेळानं जिन्यात काहीतरी घासल्याचा आवाज आला म्हणून मी डोकावलो. मास्तर चढत होते. पायऱ्यांना पाठ करून, दोन्ही तळहात वरच्या दगडावर टेकून, अंग उचलायचं आणि मागं बसायचं. पाय नुसते मागून येत होते. अंगात नवा पांढरा शर्ट होता, स्वतः शिवलेला, आणि तो घामानं पाठीला चिकटला होता. मी धावत खाली गेलो, तर त्यांनी डोळ्यांनीच मला लांब ठेवलं. नवा उतार सोडून, पहिल्या पायरीपासून, एकेका पायरीवर थांबत, दम खात त्यांनी बावीसच्या बावीस पायऱ्या केल्या. मी एक पायरी खाली उभा होतो आणि देवा, हा माणूस मधेच थकू दे, असं मनात म्हणत होतो. इतका नीच विचार मी जन्मात दुसरा केला नसेल.

ते आत आले. टेबल होतं, त्यावर कॅरमबोर्ड होता. मास्तर फरशीवरून सरकत एकेका कपाटापाशी गेले, काचेवरचे आकडे बोटानं वाचत गेले. तिसऱ्या कपाटात गणपतीच्या मंडपाच्या झालरी कोंबल्या होत्या. चौथ्यात दोन लाउडस्पीकर. पाचव्यात तळाला वाळवीची माती. जिथं काही पुस्तकं होती, तिथं सगळी त्यांनीच शिवलेली, पोपटी, राणी, जांभळी. पेपर वाचणारे दोघे जण उठून बाहेर गेले. मग मास्तरांची नजर भिंतीवर गेली. तिथं ‘शांतता राखा’ अशी पाटी होती, माझ्या हातची. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, उलगडली, एकदा पाटीकडं बघितलं, एकदा चिठ्ठीकडं.

“हे अक्षर तुमचं?”

“हो.”

“म्हंजी गावात दुसरं कुनी न्हाईच.”

मी म्हणालो, “मी आहे ना, मास्तर.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, माप घेताना बघावं तसं. मग विचारलं, “तुमी वाचलं हुतं का ते पुस्तक?”

मी नाही म्हणालो. खोटं बोलायची ताकद तेवढ्यापुरती संपली होती.

मास्तर आले तसेच एकेक पायरी खाली गेले. उतरताना पाय पुढं होते, म्हणून चढण्यापेक्षा लवकर झालं. पुढचे तीन मंगळवार मी पाच वाजता गॅलरीत उभा राहिलो. मग कळलं, मास्तर दुकान आवरून बहिणीकडं शिर्डीला गेले. तिकडं शिलाईला तोटा नाही म्हणे. जाण्याआधी त्यांनी नावावरचं शेवटचं पुस्तक कुणाच्या तरी हाती पाठवून दिलं होतं, पुठ्ठा नीट करून. आत चिठ्ठी नव्हती.

त्यानंतर मी ती घर सोडून गेलेल्या बाईची कादंबरी वाचली. आयुष्यात अथपासून इतिपर्यंत वाचलेलं ते माझं पहिलं पुस्तक. तीन आठवडे लागले. पान नव्वदच्या आसपास मला रडू आलं नाही, कारण ते दुसऱ्याच पुस्तकाबद्दल होतं, पण शेवटाला आलं. शिर्डीच्या एसट्या आमच्याकडून रोज सुटतात. मी अजून बसलेलो नाही, कोणत्या तोंडानं बसणार? पण मास्तर, मी सहमत नाही. त्या बाईनं परत यायलाच हवं होतं, असं माझं मत झालं आहे.