काहीच न करणारी ओळ

माझ्या हाताखाली काम करणाऱ्या मुग्धाचं बोट डिलीटच्या बटणावर टेकलं होतं, पण दाबायला ती कचरत होती. स्क्रीनवर माझा जुना असेंब्ली कोड होता. रुग्णाच्या उशाशी ठेवतात त्या मॉनिटरमध्ये हृदयाच्या ठोक्यांचे आकडे मेमरीत इकडून तिकडे नेणारा, एकेक सूचना हाताने लिहिलेला. तेच काम तिने साध्या सी भाषेत चार ओळींत लिहिलं, आणि कंपायलरने, म्हणजे सी भाषेतून यंत्राच्या सूचना तयार करणाऱ्या प्रोग्रॅमने, त्यातून काढलेला कोड माझ्या कोडपेक्षा वेगाने पळत होता.

"सर, मधली ही ओळ तर काहीच करत नाही. कशाला ठेवलीत?"

ओळीशेजारी माझीच टीप होती, हात लावू नका. का, ते लिहिलेलं नव्हतं आणि मला आठवेना. हाताने केलेल्या कामात अशी किती भीती मुरून बसते, कारण विसरलं तरी! कंपायलरला कसली भीती? त्याने तशी ओळ घातलीच नव्हती.

"सगळाच काढ," मी म्हणालो.

बोट खाली गेलं. मग तिने आपला कोड टेबलावरच्या चाचणीच्या मॉनिटरमध्ये चढवला. त्याची हिरवी रेघ संथ धावत राहिली. ती अडखळू नये म्हणून मी श्वास रोखून बसलो होतो. मग लक्षात आलं, एकदा तरी ती अडखळावी, असंही मला वाटत होतं.