रविवारचा सामना एव्हेलिओने मागून घेतला

एव्हेलिओ किन्योनेसचं जोडे दुरुस्तीचं दुकान आणि माझं केस कापायचं दुकान, मध्ये फक्त एक फळ्यांची भिंत. साखर कारखाना बंद पडल्यावर सांता रुफिनातले निम्मे लोक निघून गेले. उरलेल्यांचे जोडे मात्र जास्तच फाटायला लागले, त्यामुळे एव्हेलिओला काम कधी कमी पडलं नाही. गावाच्या बेसबॉल संघाचे हातमोजे तो फुकट शिवायचा. नवे चेंडू येईनासे झाले तेव्हा उसवलेल्या चेंडूंनाही टाके घालायला लागला.

"घरात उशीचा कापूस बाहेर येतोय आणि हा चेंडू शिवतोय," त्याची बायको मिग्दालिया माझ्या दारात उभी राहून सांगायची. "हरायला जुने चेंडू पुरत नाहीत का यांना?"

ती खोटं बोलत नव्हती. त्या वर्षी मे महिना उजाडला तरी आमचा संघ तळाला होता. तीन चांगले खेळाडू हिवाळ्यातच देश सोडून गेले होते. प्रकाशझोतांना वीज नव्हती, म्हणून सामने भर दुपारी. तापलेल्या पायऱ्यांवर पुठ्ठा टाकून बसायचं आणि मार खाल्लेला बघायचं. चौकात बदामाच्या झाडाखाली रोज वाद घालणारी मंडळीसुद्धा आता दुसऱ्याच संघांवर भांडायला लागली होती.

"काय एव्हेलिओ, यंदाही शेवटून पहिले?" जाता-जाता कोणी टोमणा मारायचं.

"अर्धा मोसम बाकी आहे अजून," तो तोंडातले खिळे न काढता म्हणायचा.

"तो दरवर्षीच असतो की!"

पण त्या मे महिन्यात खरोखरच काहीतरी बदललं. त्याचं कारण लिओस्दानी. आमच्याच गल्लीतला, ओनेलियाचा एकुलता एक मुलगा, बावीस वर्षांचा, डावखुरा पिचर. त्याने चेंडू टाकला की समोरच्याची बॅट हवेत फिरायची. तो खेळला ते सगळे सामने आम्ही जिंकलो. आपण पहिल्या आठांत येऊन पुढच्या फेरीत जाऊ शकतो, असं एव्हेलिओ उघड बोलायला लागला. संध्याकाळी वीज गेली की अंगणात बसून कोणी कोणाला हरवलं तर आपण किती वर चढू, हे तो मला समजावत बसायचा. मी हसायचो, आणि मनात मीही तोच हिशेब करायचो.

एका शुक्रवारी लिओस्दानी त्याच्या दुकानात आला. मी भिंतीपलीकडे एका म्हाताऱ्याची दाढी करत होतो. सगळं ऐकू येत होतं.

"काका, या बॅगेची चेन बसवून द्याल? सोमवारी लागेल."

फळ्यांच्या फटीतून मला ती दिसली. बॅग मोठी होती. इतकी मोठी बॅग माणूस कशाला घेतो, हे आमच्या गावात कोणाला सांगावं लागत नाही.

"कुठे?"

"सांतो दोमिंगो, समुद्रापलीकडे. तिथे एक माणूस माझा खेळ बघणार आहे. पसंत पडला तर पुढे उत्तरेकडे, अमेरिकेत. आईला माहीत आहे, आणखी कोणाला नाही."

"जा बाबा," एव्हेलिओ म्हणाला. "जायलाच हवं." मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "पण रविवारचा सामना खेळून जा."

"काका, मी कालच आठ डाव टाकलेत. कोपर ठणकतंय. प्रशिक्षकाने स्वतः सांगितलंय, रविवारी बाहेर बस म्हणून."

"तू हो म्हणालास तर तो नाही म्हणणार नाही. लिओ, रविवारी जिंकलो तर आपण तळातून बाहेर येतो. पोरांच्या अंगात जीव येईल. तू गेल्यावर ती हरली तरी चालेल, पण एकदा तरी डोकं वर काढू दे. एवढंच मागतो. तुझा पहिला हातमोजा कोणी शिवला होता?"

शेवटचं वाक्य त्याने हसत म्हटलं होतं. पण म्हटलं होतं. लिओस्दानीही हसला. "तुम्ही लहानपण काढलंत की माणसाला पळता येत नाही," म्हणाला. "बरं. टाकतो."

मी वस्तरा ठेवून पलीकडे जायला हवं होतं की काय, मला ठाऊक नाही. मलाही रविवार हवाच होता.

रविवारी पायऱ्या भरल्या होत्या. कितीतरी वर्षांत एवढी माणसं पाहिली नव्हती. एव्हेलिओ जुना तवा आणि लोखंडी सळई घेऊन आला होता, ढोलवाल्यांच्या बरोबरीने वाजवत होता. सहाव्या डावापर्यंत आम्ही एका धावेने पुढे होतो. लिओस्दानी प्रत्येक चेंडूनंतर डावा हात झटकत होता. सहाव्यात समोरच्यांचे तिन्ही बेस भरले, त्यांचे दोघे बाद; एका फटक्यात ते पुढे गेले असते. त्याने शेवटचा चेंडू टाकला, फलंदाजाची बॅट हवेत फिरली, आणि सगळा स्टँड उठून नाचायला लागला.

एव्हेलिओ तवा बडवत होता, डोळे मिटून. मी त्याची बाही ओढली.

"थांब. अरे, थांब. तिकडे बघ."

लिओस्दानी मातीत गुडघ्यांवर होता. कोपर पोटाशी धरलेलं. ओरडत नव्हता. कॅचर धावत गेला आणि त्याच्याजवळ नुसता उभा राहिला, काय करावं ते न सुचून. ढोल मात्र बराच वेळ चालू होते, कारण मागच्यांना दिसत नव्हतं.

सामना आम्ही जिंकलो.

सोमवारचं विमान त्याला घेऊन गेलं नाही. जिल्ह्याच्या डॉक्टरने सांगितलं, कोपरातलं लिगामेंट तुटलं आहे, शस्त्रक्रिया हवी, पण ती इथे होण्यासारखी नाही. सांतो दोमिंगोच्या माणसाने दोन दिवस फोन उचलला, मग उचलणं बंद केलं.

आठवड्याने एव्हेलिओ ओनेलियाकडे गेला. एकटं जायचं धैर्य नव्हतं, म्हणून मला बरोबर घेतलं. ती दारात तांदूळ निवडत बसली होती.

"ओनेलिया, रविवारी खेळ असं त्याला मी सांगितलं होतं."

ती निवडत राहिली. "प्रशिक्षकाने सांगितलं असं मला म्हणाला तो."

"नाही. मी."

तिने ताट खाली ठेवलं. "म्हणजे तुझं नावसुद्धा सांगितलं नाही त्याने," ती म्हणाली. "आणि तू त्याला एक रविवारसुद्धा सोडला नाहीस." मग ती आत गेली आणि दार लावून घेतलं. आम्ही उभेच राहिलो. आतून रेडिओचा आवाज मोठा झाला.

संघ उरलेले जवळजवळ सगळे सामने हरला आणि पुन्हा तळाला गेला. लिओस्दानी पावसाळ्यानंतर राजधानीत मावसभावाकडे गेला. तिथे इमारतींना रंग देतो, उजव्या हाताने. जाताना तो एव्हेलिओच्या दुकानात आला होता. दोघं काय बोलले ते मला कळलं नाही, कारण त्या दिवशी मी मुद्दाम दुकान लवकर बंद केलं. मिग्दालिया सांगते, एव्हेलिओ त्या रात्री घरी येऊन जेवला नाही, आणि पुढे कोणी विचारलं की तोंड फिरवायचा. हातमोजे अजून शिवतो. चेंडू मात्र शिवायचे सोडले.

पुढच्या वर्षी मीच त्याला ओढून बाहेरगावच्या एका सामन्याला नेलं. तवा न घेता आला. आमचा नवा एक पिचर होता, डोंगराकडच्या गावातला, सडपातळ. पाचव्या डावात तो हात झटकायला लागला तसा एव्हेलिओ उठला आणि काही न बोलता पायऱ्या उतरून गेला.

सामना संपल्यावर मला तो बाहेर सापडला, परतीचा ट्रक उभा राहतो तिथे, भिंतीच्या सावलीत.

"त्या पोराला किती वेळ ठेवला?" त्याने विचारलं.

"लगेच काढला. सहाव्यात दुसरा आणला."

"बरं झालं."

"हरलो मग. चांगलेच हरलो."

"बरं झालं," तो पुन्हा म्हणाला, आणि ट्रक येईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिला.