सुपारी चावली आणि आकडे नाचले

काल दुपारी निघालो होतो कशेळीला, एका गोडाऊनमध्ये काम मिळतंय का बघायला. पण वाटेत राहनाळलाच उतरलो... प्रशांतच्या घरी वडे तळत होते, वास पार रस्त्यापर्यंत!

प्रशांत माझा शाळेतला दोस्त. मी शाळा सोडून भटकत बसलो, तो इलेक्ट्रॉनिक्स शिकला. आता लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लावायचे मीटर बनवतो, किती कापड विणलं ते चार लाल आकड्यांत दाखवणारे. पहिला मीटर लावला तो काकांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या, कारखान्यात. काका तिथे फिटर.

आत शिरलो तर काका ड्युटी टाकून घरी! तोंड एवढंसं झालेलं.

"माजं डोलं गेलं रं... धागा दिसतो, पन त्या मीटरचं आकडं नुसतं नाचतान. आजच शेटला सांगतो, काम सोडतो. चालू लूममधी हात घालायचा, आन दिसत न्हाय तर कसा?"

प्रशांतचा वडा हातातच राहिला. त्याचं अजून बस्तान बसलेलं नाही, घर काकांवरच चालतं. टेबलावर दुसरा मीटर चालू होता, तो त्याने काकांसमोर धरला. काकांच्या तोंडात कडक सुपारी, कडाकडा चावणं चालूच. "ह्ये बग, नाचतान!" मला तर आकडे एकदम शांत दिसत होते.

आता मला एका जागी बसवत नाही, हे तुम्हाला माहितीच आहे. काकांच्या डबीतलं एक खांड उचललं, दाढेखाली फोडलं... आणि सहज मीटरकडे बघितलं.

आकडे उडाले! एक वर, एक खाली.

"आईशप्पथ, माझेपण गेले!" मी ओरडलोच. चावणं थांबवलं, आकडे जागेवर. परत चावलं, परत नाच!

प्रशांतने कपाळावर हात मारला. म्हणाला, चिपला पिना मोजक्याच, प्रत्येक आकड्याच्या प्रत्येक रेघेला वेगळी पिन कुठून आणू? म्हणून सगळ्या आकड्यांना वायरी त्याच, आणि आकडे पाळीपाळीने पेटतात. इतक्या भराभर की आपल्याला सगळे सोबतच दिसतात. सुपारी फोडताना डोळा हादरतो, पुढच्याची पाळी येईपर्यंत तो सरकलेला असतो, मग प्रत्येक आकडा वेगळ्याच जागी दिसतो.

"म्हणजे चारही आकडे एकदम कधीच पेटत नाहीत?"

"कधीच नाही."

इतकी वर्षं दुकानांतली आकड्यांची घड्याळं, वजनकाटे बघतोय... त्यातली किती अशीच असतील?

प्रशांतने प्रोग्राममध्ये पाळीचा वेग वाढवला. काकांनी घाबरत घाबरत चावलं, आकडे जागचे हलले नाहीत.

"मेल्या, मंग आधी नको सांगायला? डोल्याला डोला न्हाय लागला माजा!" एक शिवी हासडली, दोन वडे उचलले आणि शिफ्ट संपायच्या आत लूमवर हजर व्हायला निघाले.

काकांचे डोळे धडधाकट निघाले, देवाची कृपा. पण समोर दिसतंय म्हणजे ते तसंच आहे, असं मी आता छातीठोकपणे कधीच म्हणणार नाही...