तीन उजेडांचा फोटो

फोटो काढण्याआधी आमचे फोटोग्राफर गच्चीच्या कठड्यावर तळहात ठेवायचे. ताप बघायला कपाळावर ठेवतात तसा. डोळे मिटून जरा वेळ थांबायचे आणि म्हणायचे, "पंप चालू हाय. बिल्डिंग थरथरते. थांब गो." आम्ही थांबायचो. वरची टाकी भरायची, पंप बंद व्हायचा, त्यांचा हात पुन्हा कठड्यावर जायचा.

"झोपली. आता हालू नको."

मी चार पावलं लांब, बॅगा सांभाळत उभी असायचे. माझ्या हलण्याने कॅमेऱ्याला काही होणार नव्हतं. तरी मी श्वास जपून घ्यायचे.

अंबरनाथ-बदलापूरच्या नव्या टॉवरांच्या जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. जांभळं आकाश, मागे डोंगर, ओळीने उभ्या इमारती, खिडक्यांत पिवळे दिवे, आणि खालच्या झाडाचं पानही स्पष्ट. एका फोटोत हे सगळं मावत नाही. आकाश नीट आलं तर खाली काळोख होतो, खालचं दिसलं तर आकाश पांढरंफटक पडतं. म्हणून कॅमेरा केसभरही न हलवता तीन फोटो घ्यायचे. एक मधला, एक काळपट, एक फार उजळ. मग तिन्ही कॉम्प्युटरवर एकमेकांवर बसवायचे. याला एचडीआर म्हणतात. बसवण्याचं काम माझं होतं.

"एकावर भरवसा नाय," ते म्हणायचे. "तीन घ्यायचे." आणि कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड माझ्या हातात देताना दर वेळी, "तिघांना नांदव गो बाय नीट."

आमचा स्टुडिओ उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. शेठ सिंधी, पूर्वी लग्नांचे अल्बम करायचे, आता बिल्डरांची कामं घेतात. पहिल्या दिवशी मी या फोटोग्राफरना "सर" म्हटलं, तर त्यांनी मागे वळून पाहिलं. "सर कोन? इथं तर मीच हाय. दादा बोल." मला ते जमेना. इंग्रजी शाळेत सगळ्यांना सर नाहीतर मॅडम म्हणायची सवय, शिवाय ते माझ्या बाबांच्या वयाचे. दोन महिने मी त्यांना कसलीच हाक मारली नाही. काही विचारायचं असलं की समोर जाऊन उभी राहायचे. ते कॅमेरा पुसता पुसता म्हणायचे, "बोल. तोंडात मिठाची गुळनी धरलीय का?"

ते अंबरनाथजवळच्या पालेगावचे. ज्या टॉवरांचे फोटो काढायचे, त्यांतले काही त्यांच्याच भावकीच्या शेतांवर उभे होते. टॉवरांची नावं त्यांच्या कधी लक्षात राहिली नाहीत. ती इंग्रजी नावं मला पाठ, त्यांना नाही. गच्चीवरून बोट दाखवून सांगायचे, "त्यो वांग्याचा. त्याच्या मागं चिंचेचा. त्यो निळ्या काचांचा, तिथं आमची विहीर." कॉम्प्युटरवरचे फोल्डरही ते तसेच करायला सांगायचे. एकदा माझ्याकडून बिल्डरला 'वांगी' नावाचाच फोल्डर गेला. शेठ खवळले. "अरे, दो करोड का फ्लॅट बेच रहा है वो, और हम वांगी भेज रहे हैं!"

"मंग?" दादा शांतपणे म्हणाले. "वांगीच होती तिथं. ग्वाड होती."

जमिनीबद्दल ते काहीतरी दुःखाचं बोलतील, याची मी वाट पाहायचे. त्या वेळी चेहरा कसा ठेवायचा, हेही मी ठरवून ठेवलं होतं. ते कधी बोलले नाहीत. फक्त उजेड गेल्यावर लेन्सला झाकण लावताना एकदा खाली बघून म्हणाले, "वरून सगळा सपाट दिसतो. चालताना चढ होता इथं."

दिवाळीनंतर त्यांनी पहिल्यांदा स्वतःचं एक काम सांगितलं. त्यांचं घर पाडायचं ठरलं होतं. आजूबाजूला टॉवर झाले होते आणि मध्ये ते एकच कौलारू घर राहिलं होतं. बुधवारी ते रिकामं करायचं होतं. त्याआधी, रविवारी संध्याकाळी, समोरच्या गच्चीवरून त्यांना एक फोटो हवा होता. मागे सगळे टॉवर, खाली घर, आणि ओट्यावर आय.

"आयचा घरासोबत एक पण फोटो नाय," ते म्हणाले. "दुनियेच्या बिल्डिंगी काढल्या. हा राहिला."

रविवारी पंप लवकर थांबला. खाली ओट्यावर त्यांची आई पांढऱ्या लुगड्यात बसली होती, वरून जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. दादांनी तिला फोन लावला. "आय, हालू नको हां. मी सांगस्तोवर हालायचं नाय." तिकडून ती काहीतरी बोलली. ते हसले. "अगो, मी वरती हाय. समोर. तू बग नको, नुसती बस." मग त्यांनी कॅमेऱ्याच्या रिमोटचं बटण माझ्या हातात दिलं. "तू घे. मी फोन धरतो."

मी तीन घेतले. माझं सगळं लक्ष आकाशाकडे होतं. आकाश त्या दिवशी खरंच फार चांगलं होतं.

सोमवारी मी ते फोटो मनापासून बसवले. एकेक खिडकी नीट केली. कौलांचा लाल रंग जपला. तीन फोटोंमध्ये काही हललेलं असलं, उडता पक्षी, जाणारी रिक्षा, तर ते एकावर एक बसवल्यावर भुतासारखं पुसट दिसतं. ते काढून टाकायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, एका चौकोनात बरोबरची खूण केली की झालं. ती खूण मी रोजच करायचे. त्या दिवशीही केली. शेठनी फोटो पाहिला, "एक नंबर" म्हणाले. आणि आमच्या दुकानाची रीत अशी की फोटो पास झाला की मूळचे तिन्ही कॉम्प्युटरवरून आणि कार्डावरूनही उडवायचे, जागा राहत नाही. मी उडवले.

गुरुवारी दादा आले. घर रिकामं झालं होतं, कौलं उतरवायला सुरुवात झाली होती. मी मोठा प्रिंट टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला.

"आय कुठं गेली?"

ओटा स्वच्छ होता. झाडून ठेवल्यासारखा.

मला तेव्हा कळलं. ती हलली होती. तिन्ही फोटोंत ती वेगवेगळ्या जागी होती, म्हणून मी केलेल्या त्या एका खुणेने तिला भूत समजून पुसलं होतं.

मी म्हणाले, "सॉफ्टवेअरने काढलं."

हे खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं. कार्डावरून पुसलेले फोटो कधीकधी परत मिळवता येतात, हे मला माहीत होतं. त्यासाठी त्यांच्याकडे कार्ड मागावं लागलं असतं, आणि मग सगळं सांगावं लागलं असतं. खूण मी केली, मूळ फोटो मी उडवले, आणि दिवसभर त्या फोटोवर काम करून ओट्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी मान खाली घालून उभी राहिले. मी नेहमीच तशी उभी राहायचे, त्यामुळे कुणाला त्यात वेगळं काही दिसलं नाही.

"हालली असंल," शेवटी तेच म्हणाले. "तिनं कधी कोनाचा ऐकलाय? तू नको वाईट वाटून घेऊ. घर तरी आलंय ना." तो प्रिंट त्यांनी गुंडाळून नेला आणि नव्या फ्लॅटमध्ये फ्रेम करून लावला. मला व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजातच निरोप आला, त्यांना टाइप करायला आवडत नसे. "बाय, भिंतीवर मस्त दिसतो. आय बोलते, मी घरात गेले असंन चहा ठेवायला."

मी अंगठा पाठवला.

उद्या सांगू, असं मी बरेच दिवस म्हणत राहिले. उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी शेठनी शटर अर्धंच उघडलं. दादा झोपेतच गेले होते.

त्यांची बॅग भावाने दुकानात आणून दिली. आतल्या कप्प्यात त्या रविवारचं ते जुनं कार्ड होतं. शेठना सांगून मी ते घरी, बदलापूरच्या हेंद्रेपाड्याला नेलं. त्यातून जे परत आलं ते बहुतेक अर्धवट होतं. आकाशाचे तुकडे, वरून कापलेले टॉवर. त्या रविवारच्या तिघांतला एकच अख्खा मिळाला. काळपट. आकाश सुंदर, खाली सगळा काळोख.

मी काळोख थोडा थोडा उजळवत गेले. आधी कौलांची कड आली. मग ओट्याची पायरी. फोटो वाळू सांडल्यासारखा खरखरीत झाला, तरी मी थांबले नाही. मग पांढरं लुगडं आलं. ती उभी होती. एक हात फोन धरून कानाशी, दुसरा वर उचललेला, आणि तोंड सरळ कॅमेऱ्याकडे.

तो प्रिंट घेऊन मी पालेगावला गेले. आय आता अकराव्या मजल्यावर राहते. मी तिला सगळं सांगितलं, खुणेसकट. शब्द नीट आले नाहीत, पण सांगितलं. तिने किती ऐकलं कोण जाणे. फोटो डोळ्यांजवळ नेऊन ती बराच वेळ बघत राहिली.

"ही मी?"

"हो."

"आन त्यो?"

"दादा समोर होते. गच्चीवर. तुम्ही त्यांच्याकडेच बघताय."

तिने अंगठ्याने फोटोतला स्वतःचा वर उचललेला हात चाचपला.

"हालू नको बोलला," ती म्हणाली. "पन कुठं हाय ते दिसंना ना बाय. म्हनून उठले."

भिंतीवर तो दुसरा फोटो होता, झाडून ठेवलेल्या ओट्याचा. ती उठली, आणि हातातला खरखरीत फोटो तिने त्याच्या काचेवर, ओट्याच्या जागी, तळहाताने दाबून धरला. मी चिकटपट्टी शोधेपर्यंत ती तशीच उभी होती, न हलता.