तिची मुलगी सगळं सांगते

त्या मुलीचं नाव मला माहीत होतं, पण ते मी इथे लिहिणार नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तशी सही करून दिली होती. नोकरी सोडून बरीच वर्षं झाली, तरी अजून लिहवत नाही. तिला मी कधी पाहिलं नाही, तिचा आवाजही ऐकला नाही. तरी तिच्याइतका हेवा मी दुसऱ्या कुणाचा केला असेन असं मला वाटत नाही.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. पनवेलला एका कपड्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याच्याबद्दल बोलून रेकॉर्ड करून ठेवत, आणि आम्ही वीस-बावीस मुली हेडफोन लावून ते टाइप करायचो. पायाखाली एक पेडल असे. पुढे दाबलं की आवाज पुढे जायचा, मागे दाबलं की मागे. इंग्लिश मीडियममध्ये शिकलेल्या आणि चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या मुलीला याहून चांगली नोकरी मिळाली नसती. दिवसभर दुसऱ्याने बोलायचं आणि आपण गप्प बसायचं.

त्याच वर्षी आईला रक्तस्रावाचा त्रास सुरू झाला. दोन-तीन महिने तिने कुणाला सांगितलंच नाही. जिना चढताना मधेच बसायला लागली तेव्हा मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई दक्षिणेकडच्या होत्या. शहरातलं मराठी त्यांना समजायचं, आईचं समजायचं नाही. आई ओवे गावची, आगरी. आमी, तुमी, हाय, नाय. शाळेत आई मला न्यायला यायची तेव्हाही मी तिला फाटकाबाहेरच थांबायला सांगायचे. तेव्हा त्या खोलीत आईने माझ्याशी बोलायचं आणि मी डॉक्टरबाईंना इंग्रजीत सांगायचं, असं आपोआप ठरून गेलं.

गर्भाशय काढावं लागेल, असं बाई म्हणाल्या. रक्त फार कमी झालं होतं, थांबण्यात अर्थ नव्हता. मी आईला सांगितलं. बाईंनी विचारलं, तिला काही विचारायचं आहे का. आई बोलायला लागली, आणि बराच वेळ बोलली. लेक सासरी निघाली की तिची ओटी भरल्याशिवाय आपण तिला उंबऱ्याबाहेर पडू देत नाही, मग ज्या पिशवीत तुम्ही दोघं भावंडं राहिलात ती माझ्यातून कायमची निघून चालली आहे, तिला रिकामी कशी पाठवू, असं तिचं म्हणणं होतं. कापण्याआधी ओटी भरायची. तांदूळ, नारळ, खण. मग न्या म्हणावं काय न्यायचं ते. अशी रीत आमच्याकडे कुठेच नाही. ती आईने स्वतःच, बहुतेक भांडी घासताना, ठरवली होती.

बाई पेन हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. बाहेर पेशंट ताटकळत होते. माझे कान गरम झाले.

मी इंग्रजीत म्हटलं, "काही नाही, थोडी घाबरली आहे."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पिशवी उचलली.

त्यानंतर दोनच दिवसांनी ती फाइल माझ्याकडे आली. त्या डॉक्टरांचा आवाज खालच्या पट्टीतला, दमलेला असायचा. मला त्याची सवय झाली होती म्हणून त्यांच्या बहुतेक फाइली माझ्याकडेच यायच्या. पेशंट ह्मोंग होती, म्हणजे लाओसच्या डोंगरांतले जे लोक युद्धानंतर अमेरिकेत जाऊन राहिले त्यांच्यातली. वय पन्नासच्या आसपास. तिचं पित्ताशय काढायचं होतं. तिला इंग्रजी येत नव्हतं. दुभाषा ठेवलेला होता, पण तिने मुलीनेच बोलावं असं सांगितलं होतं. मुलगी बावीस वर्षांची. माझ्याएवढीच.

घरच्यांना भीती होती की गुंगीच्या औषधात आत्मा घाबरून शरीराबाहेर भटकेल आणि परत यायची वाट चुकेल. म्हणून खाटेजवळ कच्च्या तांदळाचा वाडगा आणि त्यात अंडं ठेवून त्याला हाक मारायची होती. डॉक्टर सांगत होते, उदबत्ती चालणार नाही, ऑक्सिजन सुरू आहे. बाकी माझी हरकत नाही, नर्सला दार लावून घ्यायला सांगितलं आहे. मनगटावर बांधलेले दोरे कापू नयेत, सुई दुसऱ्या हाताला लावावी. आणि मग डॉक्टर जे बोलले त्यासाठी मी पेडल तीन वेळा मागे घेतलं: पेशंट बराच वेळ बोलली, आणि मुलीला ते सांगायला तेवढाच वेळ लागला. तिने काही गाळलं असं मला वाटत नाही.

मला राग आला. आधी त्या पेशंट बाईचा, की तिला असा डॉक्टर मिळाला. अमेरिकेच्या वॉर्डात तांदळाचा वाडगा, आणि तोही विचारून ठेवलेला. मग राग मुलीवर गेला. तिला लाज नसेल का वाटली? खोलीत नर्स असेल, आणखी कुणी असेल, आणि ही खुशाल आत्म्याला हाक मारायच्या गोष्टी सांगत बसली. मी मनातल्या मनात तिला आगाऊ ठरवलं. तिचं इंग्रजी वाईट असेल असंही ठरवलं. तेवढ्यानेही बरं वाटलं नाही.

भरती व्हायच्या दिवशी सकाळी मी बॅग भरून उभी होते आणि आई सुकटीचा डबा उन्हात ठेवत होती.

"मी नाय जात," ती म्हणाली. "मी त्या बाईला एवढा सांगितला, तू दोन शब्द बोललीस. मी बघत व्हते."

बाबा उरणला कामावर गेले होते. मी आईला रक्ताचा रिपोर्ट दाखवला, समजावलं, शेवटी ओरडले. ती बसल्या जागेवरून हलली नाही. उठली असती तरी चक्कर आली असती, ओठ इतके पांढरे दिसत होते. मग मी तिला त्या ह्मोंग बाईबद्दल सांगितलं. नाव नाही, गाव नाही, फक्त तांदूळ, अंडं, दोरे आणि मुलगी. वाटलं होतं, ऐकून म्हणेल, बघ, ती तयार झाली ना ऑपरेशनला.

आईने नीट ऐकून घेतलं. अंडं उकडलेलं की कच्चं, असं विचारलं. मला माहीत नव्हतं. मग ती म्हणाली, "तिची पोर शानी हाय. आईचा सगळा सांगते."

माझी तिने दहा वर्षं शाळेची फी भरली होती, आणि शाबासकी समुद्रापलीकडच्या कुणा मुलीला.

मी तशीच ऑफिसात गेले आणि माझ्या मशीनवर एक कागद टाइप केला. आमच्या रिपोर्टचा असतो तसाच, ठळक मथळे, खाली मजकूर. पेशंटची विनंती या मथळ्याखाली आईचं सगळं बोलणं घातलं, सासरी निघालेल्या लेकीसकट. बोलायची माझी हिंमत नव्हती, टाइप करायला हिंमत लागत नाही. घरी येऊन कागद आईला मराठीत वाचून दाखवला. तिने खणाचा रंग घालायला लावला, हिरवा. मग साडी बदलली.

डॉक्टरबाईंनी कागद उभ्यानेच वाचला, परत पहिल्यापासून वाचला. मग खुर्चीत बसल्या.

"हे तिने त्या दिवशी मला का नाही सांगितलं?" त्यांनी मला विचारलं. मी आईला सांगितलं, काय विचारतायत ते.

आई पटकन म्हणाली, "मीच नाय सांगितला. सांग तिला. मला लाज वाटली."

आता मला हे इंग्रजीत सांगायचं होतं. किती सोपं होतं. आईने स्वतःच वाट काढून दिली होती, आणि ते तिचे शब्द होते, जसेच्या तसे. मला ती दुसरी मुलगी आठवली, तिचं काही न गाळणं. तिचा राग त्या क्षणीही आलाच.

"ती म्हणते, तिनेच सांगितलं नाही," मी इंग्रजीत म्हटलं. "पण तिने सांगितलं होतं. मी गाळलं."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग आईकडे वळून आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या, "तांदूळ चालेल. नारळ चालेल. तोंडात साखर नाही, उपास आहे."

मला वाटलं होतं भांडावं लागेल. मनात मी डॉक्टरबाईंना इतके दिवस वाईट ठरवून ठेवलं होतं, आणि त्यांना तर कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या मावशींनी आईची ओटी भरली. मी भरू शकत नव्हते, माझं लग्न झालेलं नव्हतं. मी पडद्याबाहेर स्ट्रेचरशी उभी राहिले. आत मावशींनी नारळ जड आहे म्हणून काहीतरी चेष्टा केली आणि आई हसली. माझ्याबरोबर ती तशी कधी हसली होती ते मला आठवेना. पाच मिनिटांनी तिला ऑपरेशनला नेलं. तांदूळ, नारळ आणि हिरवा खण माझ्या हातात राहिला. ऑपरेशन नीट झालं.

मी रजेवर होते तेव्हा त्या अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या फाइली ऑफिसातल्या दुसऱ्या एकीकडे गेल्या आणि तिच्याकडेच राहिल्या. ती ह्मोंग बाई घरी गेली का, हे मी तिला विचारू शकले असते, पण विचारलं नाही. आईने मात्र मला विचारलं. मी हो म्हटलं.

टाके काढायच्या दिवशी डॉक्टरबाईंनी विचारलं, काही त्रास? आई सुरू झाली. कंबर, झोप, टाक्यांची खाज, चार दिवस पोट साफ न होणं, आणि शिंक येते तेव्हा हाताने पोट कुठे दाबून धरावं लागतं ते. खोलीत एक शिकाऊ डॉक्टर मुलगाही बसला होता. आई थांबल्यावर मी सुरू झाले. पोट साफ न होण्यापाशी कान गरम झाले, तरी पुढे गेले, शिंकेपर्यंत.

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. शब्द तिला कळत नव्हते, लांबी कळत होती.

"हां," ती म्हणाली. "आता पुरा झाला."