मुतखड्याचा नारळ

आमच्या ह्यांच्या लघवीतून रक्त गेलं, तेव्हा घरात माझ्याशिवाय कुणाला त्याचं काही वाटलंच नाही. "उष्णता गो ती," सासूबाई म्हणाल्या. कंबरेतून कळ अशी मारायची की हायस्कुलातला मास्तर माणूस पडवीत गडाबडा लोळायचा. म्हटलं, कुडाळला जाऊन सोनोग्राफी करूया. छे! वाडीने निदान केव्हाच केलेलं, मुतखडो! त्यावर कुळथाचं कढण. येईल तो पानफुटीची पानं घेऊन यायचा. माझं डोकं उठलं. शेवटी भांडून नंबर लावला.

आणि नेमकी आदल्या दिवशी कळ थांबली. रक्तही थांबलं. "बघ, विरघळलो खडो!" हे अंगणात हसत उभे. नंबर रद्द झाला आणि कुडाळऐवजी आम्ही देवळात गेलो. गावकारांनी नारळ हातात धरून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराची पीडा दूर केलंस, तशीच पुढेही राखण कर रे म्हाराजा!" सगळे एका सुरात, "व्हय म्हाराजा!" परतताना मी विचारलं, पडलेला खडा कुणी बघितलाय का? तर सासूबाई उसळल्या, "तुका बरां झालेलां बघवणा नाय काय गो?"

काही महिन्यांनी ताप हटेना, तेव्हा कुठे हे डॉक्टरकडे आले. खडा नळीत तसाच अडकलेला. मागे लघवी तुंबून तुंबून उजवी किडनी कामातून गेलेली. "दुखायचं थांबलं म्हणजे खडा पडला असं नव्हे, तेव्हाच यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. मला तो नारळ आठवला आणि असा संताप आला की तिथेच रडू फुटलं. मी काय वेगळं सांगत होते?

आता एकाच किडनीवर संसार. हे "काय्येक दुखणा नाय" म्हणाले की मी उलट डॉक्टरांचा नंबर शोधायला लागते.

गेल्या आठवड्यात सकाळी म्हणाले, "गो, डाव्या अंगाक चमकता." आणि वर काय? "कुळीथ भिजत घालतंस?"

मी रिक्षा बोलावली. सासूबाई देवापुढे हात जोडायला उठल्या. "गाऱ्हाणां मागसून," मी ओरडले आणि ह्यांच्याकडे वळले, "तुमी आधी चपला घाला!" हे रिक्षात बसले. कुडाळ येईपर्यंत मी त्यांचा हात धरून एकच विचारत होते.

"दुखता मां अजून?"

"दुखता गो."

"दुखांदेत."